फिटर घडतो कुठे?

फिटर ट्रेडला प्रवेश घेतलेल्या मुलाच्या हाती सुरुवातीचे काही आठवडे मशीन लागत नाही. लागते ती कानस. वाइसमध्ये एमएसचा तुकडा आवळायचा, पाय अंतरावर रोवायचे, उजवा हात मुठीवर, डावा टोकावर. पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा. तासभर घासून झाले की तुकडा झटकायचा, त्याला गुण्या लावायचा आणि खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेड दिसला की जॉब झालेला नाही. बहुतेकांचा तुकडा मधे फुगीर आणि कडांना उतरलेला निघतो, कारण हात नकळत झोका घेतो. निदेशक कोपर धरून एकदा हालचाल करून दाखवतो आणि पुन्हा घासायला लावतो. झोका जायला काही दिवस जावे लागतात. कोणाकोणाचा महिनाही जातो.

सीएनसीच्या जमान्यात हे घासणे हवे कशाला, असे विचारणारे आहेत. हवेच असेल तर ते औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे आयटीआयच्या, शेडमध्ये व्हावे की कारखान्यात? त्या काळातला मुलाचा खर्च, वाया गेलेले लोखंड आणि निदेशकाचा पगार कोणी सोसायचा? आणि हात बसल्यावरही सात-आठ महिन्यांचे कंत्राटच मिळणार असेल, तर मुलाने तरी कोपर का झिजवावे? उद्योगीकरणाच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येक देशाला हे प्रश्न पडले. भारतात त्यांची चर्चा शतकाहून अधिक काळ चालू आहे. केंद्र सरकारने ७ मे २०२५ रोजी एक हजार सरकारी आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी ६० हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातला दहा हजार कोटींचा वाटा उद्योगांनी उचलावा अशी अपेक्षा आहे. त्यामुळे हा वाद कुठवर आला आहे हे एकदा नीट मांडायला हवे.

जॉबरपासून आयटीआयपर्यंत

लोहार, सुतार, तांबट यांचे शिक्षण घरात व्हायचे. मुंबईत गिरण्या आल्या तेव्हा ही साखळी उपयोगी पडली नाही, कारण साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा माणूस कोकणातून किंवा घाटावरून आलेला शेतकरी होता. त्याला कामाला लावायचा जॉबर, आणि शिकवायचा शेजारच्या साच्यावरचा गाववाला किंवा नातेवाईक. बदली म्हणून खेपा घालता घालता माणूस तयार व्हायचा. मालकाला या शिक्षणाचा एक पैसा खर्च नव्हता. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे व्हीजेटीआय, सुरू झाले. तिथून बाहेर पडणारे मुख्यतः देखरेखीच्या जागांवर गेले. साचेवाला साच्यावरच शिकत राहिला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले. तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून द्यायचे, हा तिथला आग्रह त्या काळात दुर्मीळ होता.

व्हीजेटीआयमध्येच शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे स्वतः कारखानदार झाले. औंध संस्थानाने दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथे प्रशिक्षित कामगार कुठून मिळणार? आसपासच्या खेड्यांतली माणसे घेऊन त्यांना ओतकाम आणि लेथ शिकवावे लागले. जमशेदपूरला टाटांनाही तेच करावे लागले. १९२१ मध्ये त्यांनी स्वतःची तांत्रिक संस्था काढली. मधल्या काळात, १९१६ ते १९१८, सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालच्या औद्योगिक आयोगाने सरकारने उद्योगांसाठी तांत्रिक प्रशिक्षणाची सोय करावी अशी शिफारस केली. मदनमोहन मालवीयांनी त्या अहवालाला वेगळी टिपणी जोडली. आयोगांच्या शिफारशींचे पुढे जे होते तेच झाले. फार काही हलले नाही.

हलले ते दुसऱ्या महायुद्धात. लष्करी कारखान्यांना हजारो फिटर-टर्नर तातडीने हवे होते. १९४० पासून सरकारी तांत्रिक प्रशिक्षण योजना चालली. काही कामगार बेविन योजनेखाली ब्रिटनमध्ये शिकायला गेले. युद्ध संपल्यावर लष्करातून मोकळ्या झालेल्यांना कामाला लावण्यासाठी १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचे महासंचालनालय स्थापन झाले. याच यंत्रणेतून १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आणि आयटीआय जन्माला आले. १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला, अभ्यासक्रम आणि परीक्षा केंद्राकडे राहिल्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा हा दुसरा खांब: आयटीआयमध्ये पाया घालायचा, कारखान्यात वर्षभर शिकाऊ म्हणून राहायचे आणि मग कामगार व्हायचे. सरकारी उपक्रमांत आणि टेल्को, किर्लोस्कर, बजाज यांसारख्या मोठ्या खासगी कारखान्यांत ही वाट बरीच वर्षे खरोखर चालली. पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोचा अप्रेंटिस म्हणवून घेण्यात एक मान होता. मुलीचे स्थळ बघतानाही तो उपयोगी पडायचा.

वर्ग की शॉप फ्लोअर?

पहिला आणि सर्वांत जुना वाद जागेचा आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की कौशल्य शाळेतच रुजायला हवे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम, १९६४ ते १९६६ चा कोठारी आयोग आणि १९८८ पासून महाराष्ट्रात अकरावी-बारावीला सुरू झालेले एमसीव्हीसी हे व्यवसाय अभ्यासक्रम, या सगळ्यांमागे हीच धारणा होती. हेतू मात्र एकसारखे नव्हते. गांधीजींना हस्तोद्योगातून शिक्षण हवे होते, कारखान्याला मनुष्यबळ पुरवणे हा त्यांचा विषय नव्हता. एमसीव्हीसीचा उद्देश सरळ रोजगाराचा होता. प्रत्यक्षात एमसीव्हीसी आणि बायफोकल, म्हणजे नेहमीच्या विषयांबरोबर एक व्यावसायिक विषय, घेणारी बरीच मुले पुढे डिप्लोमाला किंवा पदवीला गेली. विषय घेतला तो प्रवेशासाठी.

याचे स्पष्टीकरण समाजशास्त्रज्ञ फिलिप फॉस्टर यांनी १९६५ मध्ये घानाच्या उदाहरणावरून दिले होते. त्यांनी याला व्यावसायिक शाळेचा भ्रम म्हटले. त्यांचा मुद्दा असा, की मुले पुस्तकी शिक्षणाकडे वळतात ती हाताच्या कामाचा तिटकारा म्हणून वळत नाहीत. कारकुनाला मेकॅनिकपेक्षा जास्त पगार आणि जास्त स्थैर्य मिळते हे त्यांना दिसते. बाजार बदलला नाही तर अभ्यासक्रम बदलून काही होत नाही. फॉस्टरवर आक्षेपही आले. शाळेतल्या हाताच्या कामाने विचार करण्याची रीत बदलते, तिचे मोल नोकरीच्या आकड्यांत दिसत नाही, हा त्यांतला मुख्य आक्षेप. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम याच आक्षेपाच्या बाजूचा पुरावा म्हणून दाखवला जातो. तिथली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज अशी गावाला उपयोगी कामे करता करता शिकतात. मात्र तिथून कारखान्याचा कामगार बाहेर पडावा अशी कलबागांची अपेक्षा नव्हती. तेव्हा पाबळचे उदाहरण चाकणच्या कारखान्यांच्या प्रश्नाला जसेच्या तसे लावता येत नाही.

दुसरी बाजू कारखानदारांची. यंत्र कारखान्यात, माल कारखान्यात, चूक झाल्यावर होणारे नुकसानही कारखान्यात. तर शिक्षणही तिथेच व्हावे. आयटीआयमधला लेथ कारखान्यातल्या लेथपेक्षा वीस वर्षांनी जुना असतो, ही तक्रार कोणत्याही औद्योगिक संघटनेच्या बैठकीत ऐकायला मिळते आणि ती खोटी नाही. आयटीआयचे लोक यावर उत्तर देतात तेही ऐकण्यासारखे आहे. कारखान्यात शिकलेल्याला एक मशीन येते, त्या मशीनवरची चार बटणे येतात. मशीन बदलले की तो कोरा. पाया घालायला कारखान्याला वेळ नसतो, कारण लाइन थांबवता येत नाही.

दोन्हींची सांगड म्हणून जर्मनीची दुहेरी पद्धत पुढे केली जाते. तिथे १९६९ च्या कायद्याने तिला देशव्यापी चौकट मिळाली: आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, साधारण तीन ते साडेतीन वर्षे, आणि शेवटी परीक्षा घेणार उद्योग-व्यापार मंडळ. भारताने २०१६ मध्ये दुहेरी प्रशिक्षणाची स्वतःची आवृत्ती आयटीआयमध्ये आणली. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात जर्मन धर्तीवर मेकॅट्रॉनिक्सचे शिकाऊ तयार झाले. पण जर्मनीत मंडळाचे सदस्यत्व कंपन्यांना सक्तीचे आहे, परीक्षेत कामगार संघटनांचा वाटा आहे आणि उद्योगभर वेतनाचे करार होतात. आपल्याकडे चेंबरचे सदस्यत्व ऐच्छिक आहे आणि वेतनकरार कारखान्यापुरता. ही पद्धत आणायची तर तिच्या पोटातल्या संस्थाही लागतात, आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही.

पैसे कोणाचे?

माझ्या मते वादाचे खरे मर्म इथे आहे, म्हणून थोडे थांबतो.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये एक साधा भेद केला. काही कौशल्ये एकाच कंपनीत उपयोगी पडतात, काही सगळीकडे. टर्नरचे कौशल्य सगळीकडे चालते. मग ते शिकवायचा खर्च कंपनीने का करावा? माणूस तयार झाला की शेजारचा दोन हजार जास्त देऊन घेऊन जाईल. भोसरीतल्या दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपच्या मालकाला बेकर वाचावा लागत नाही. त्याने तयार केलेला सीएनसी ऑपरेटर व्हेंडर कंपनीत जातो, तिथला मोठ्या कंपनीत. बेकरचा निष्कर्ष असा होता की अशा कौशल्याचा खर्च शेवटी शिकणाराच सोसतो, कमी पगारावर काम करून. शिकाऊ उमेदवाराचे तुटपुंजे विद्यावेतन हे त्याचेच रूप. १९९० च्या दशकात असेमोग्लू आणि पिश्के यांनी दाखवले की वास्तव इतके सरळ नाही. जिथे वेतनातला फरक फार ताणलेला नसतो आणि माणूस सहजासहजी सोडून जात नाही, तिथे कंपन्या सर्वत्र चालणाऱ्या कौशल्यावरही खर्च करतात. जर्मनीचा दाखला त्यांनी दिला.

पळवापळवीवरचा धोरणात्मक उपाय म्हणजे लेव्ही: प्रत्येक कंपनीकडून पगारखर्चाचा ठरावीक हिस्सा घ्यायचा आणि तो प्रशिक्षणावर लावायचा. ब्राझीलने १९४२ मध्ये सेनाई ही संस्था अशाच एक टक्का वर्गणीवर उभी केली. ती उद्योगांच्या महासंघाने चालवली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लुला तिथेच टर्नर झाले. दक्षिण कोरियाने जड उद्योगांच्या धडाक्यात, १९७४ आणि १९७६ च्या कायद्यांनी, मोठ्या कंपन्यांना सक्ती केली: ठरलेल्या संख्येने माणसे शिकवा, नाहीतर पैसे भरा. पुढे पुष्कळ कंपन्यांनी शिकवण्यापेक्षा पैसे भरणे पसंत केले आणि १९९५ नंतर ती पद्धत रोजगार विम्यात विरली. सिंगापूरने १९७९ मध्ये लेव्हीचा निधी उभारला. त्याआधी तिथल्या आर्थिक विकास मंडळाने परदेशी कंपन्यांबरोबर संयुक्त प्रशिक्षण केंद्रे काढली. त्यांतले पहिले १९७२ चे, आणि ते टाटांबरोबरचे होते. अचूक यंत्रकाम शिकवायला सिंगापूरने टाटांना बोलावले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. टाटांनंतर रोलाय आणि फिलिप्स आले.

भारताने लेव्हीची वाट धरली नाही, सक्तीच्या कोट्याची धरली. १९६१ च्या कायद्यात ट्रेडनिहाय प्रमाण होते, निरीक्षक होते, तुरुंगवासाची तरतूदही होती. कंपन्यांना ते जाचक वाटे आणि जागा रिकाम्या राहत. २०१४ च्या दुरुस्तीने तुरुंगवास काढला आणि ट्रेडनिहाय हिशेब संपवून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते दहा टक्के असा पट्टा दिला. २०१९ मध्ये वरची मर्यादा पंधरा टक्के झाली. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना बंधन, त्याखालच्यांना ऐच्छिक. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल दीड हजार रुपये, केंद्राने उचलला. २०१३-१४ च्या सुमारास देशात तीन लाखांच्या आत असलेले शिकाऊ २०२३-२४ मध्ये नऊ लाखांच्या वर गेले. आकडा वाढला यावर वाद नाही. तो कशाचा वाढला, यावर आहे. त्याकडे वळण्याआधी मुदतीचा प्रश्न.

तीन महिने की दोन वर्षे?

२००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कौशल्य देण्याचे उद्दिष्ट ठेवले. एवढ्या संख्येला दोन वर्षांचा आयटीआय पुरणार नव्हता. म्हणून २००८ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत खासगी प्रशिक्षण संस्था आणि लहान मुदतीचे अभ्यासक्रम आले. १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना हे त्याचे ठळक रूप. समर्थकांचे म्हणणे व्यवहारी आहे: असेंब्लीवर स्क्रू आवळणाऱ्याला, पॅकिंग करणाऱ्याला दोन वर्षे शिकवणे म्हणजे त्याच्या दोन वर्षांची कमाई बुडवणे. आजच्या कारखान्यातली बरीच कामे लहान तुकड्यांत मोडलेली आहेत. तीनशे तासांत तेवढे शिकवता येते.

विरोधकांचे म्हणणे असे, की नेमक्या याच तुकड्यांमुळे माणूस तुकड्यापुरता राहतो. शारदा प्रसाद समितीने २०१६ च्या अहवालात उद्योगनिहाय कौशल्यांचे निकष ठरवणाऱ्या सेक्टर स्किल कौन्सिलांची रचना, त्यांतले हितसंबंध आणि उद्दिष्टामागे धावणारे प्रशिक्षण यांवर कठोर टीका केली. लहान मुदतीच्या प्रशिक्षणातला मोठा भाग किरकोळ विक्री, सौंदर्यसेवा, संगणकावरची नोंद अशा कामांचा होता. टूल अँड डाय मेकर असा तयार होत नाही. त्याला तीन-चार वर्षे लागतात, हे १९५९ मध्ये थलश्शेरीजवळच्या नेट्टूरला स्विस मदतीने सुरू झालेल्या एनटीटीएफला किंवा औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूमला कोणी समजावून सांगायची गरज नाही. टोयोटाने २००७ मध्ये बिडदीला काढलेली संस्थाही ग्रामीण कर्नाटकातल्या मुलांना तीन वर्षे निवासी ठेवते. या संस्था चांगल्या आहेत याबद्दल दुमत नाही. पण बाहेर पडणाऱ्यांची संख्या बेताची आहे आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च सामान्य आयटीआयला झेपणारा नाही.

त्याच काळात आयटीआयचाही विस्तार झाला, तोही मुख्यतः खासगी. आज देशात सुमारे पंधरा हजार आयटीआय आहेत आणि त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक खासगी. संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीने २०१८ मध्ये त्यांना मान्यता देण्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले. सरकारी आयटीआयसाठी २००७-०८ पासून १,३९६ संस्थांना उद्योगांच्या भागीदारीत प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज दिले गेले. इमारती, यंत्रे आली. बऱ्याच ठिकाणी व्यवस्थापन समितीतला उद्योजक सभेपुरता आला. निदेशकांच्या रिकाम्या जागा मात्र कर्जातून भरता येत नव्हत्या. तासिका तत्त्वावरच्या निदेशकाने कोपर धरून शिकवायचे, आणि त्याचे स्वतःचे पुढच्या वर्षाचे ठरलेले नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे.

शिकाऊ की स्वस्त मजूर?

१९६१ च्या कायद्याच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नाही. कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. कलम २२ नुसार त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, बाकी सगळे सारखे असेल तर प्रशिक्षित शिकाऊला अग्रक्रम द्यावा असे म्हटले. पण अग्रक्रम मिळायला आधी भरती निघावी लागते.

कामगार संघटनांचा आक्षेप असा: शिकाऊ, ट्रेनी अशा नावांखाली नियमित उत्पादन करून घेतले जाते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये आणलेली नीम ही ट्रेनी योजना त्यांच्या टीकेचे मुख्य लक्ष्य होती. पुणे पट्ट्यातल्या कारखान्यांत नीमचे ट्रेनी लाइनवर सर्रास दिसत. नंतर ती योजना गुंडाळण्यात आली. कारखानदारांची बाजू अशी: शिकण्याचा मोठा भाग प्रत्यक्ष उत्पादनातूनच होतो, शिकाऊला निव्वळ उभे करून ठेवले तर तो काय शिकणार? शिवाय मागणी चढउताराची असते, सगळ्यांना कायम करणे परवडत नाही. दोन्ही बाजूंना तपासायची एक साधी खूण आहे, आणि कायद्यातही तिचा आधार आहे: शिकाऊला ठरलेल्या क्रमाने वेगवेगळ्या खात्यांतून फिरवले जाते की वर्षभर एकाच मशीनवर उभे केले जाते? याची नोंद वहीत असते. ती वही किती ठिकाणी खरी असते, हे निरीक्षण यंत्रणेवर अवलंबून आहे आणि ती यंत्रणा तोकडी आहे.

संघटित कारखान्यांतल्या कामगारांत कंत्राटींचे प्रमाण आता सुमारे चाळीस टक्के आहे. याचा प्रशिक्षणाशी थेट संबंध आहे. जो माणूस सात महिन्यांनी ब्रेक घेणार, त्याच्यावर दोन वर्षांची गुंतवणूक कोण करील? आणि त्याने तरी का शिकावे?

तुटवडा खरा आहे का?

कुशल कामगार मिळत नाहीत, असे उद्योग सांगतात. यासाठी २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणातली एक तुलना वारंवार दिली जाते: औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण भारतात ४.६९ टक्के, ब्रिटनमध्ये ६८, जर्मनीत ७५, जपानमध्ये ८० आणि दक्षिण कोरियात ९६. ही तुलना जपून वापरावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आधी लोखंडाचा चुरा झाडणारा, मग ड्रिलवर, मग लेथवर गेलेला आणि आता नुसत्या आवाजावरून टूल बोथट झाले हे सांगणारा मिस्त्री या आकड्यात मोजला जात नाही. भारतातले बहुतेक कौशल्य असेच अनौपचारिक आहे. पूर्वज्ञानाला प्रमाणपत्र देण्याची सोय आता आहे. त्या कागदाने मजुरी वाढते का, हे मात्र स्पष्ट नाही.

दुसरा मुद्दा अर्थशास्त्रज्ञांचा: एखादी वस्तू दुर्मीळ असेल तर तिचा भाव चढायला हवा. वेल्डर मिळत नाही म्हणणारी कंपनी सुरुवातीचा पगार किमान वेतनाच्या आसपासच ठेवत असेल, तर तुटवडा कौशल्याचा की त्या पगारावर काम करायला तयार असणाऱ्यांचा? उद्योगांचे उत्तर असे, की समोर येणाऱ्या मुलाला व्हर्निअर वाचता येत नाही, त्याला जास्त पगार कसा द्यायचा? दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि बहुधा आहेतही. कमी पगारामुळे चांगली मुले येत नाहीत, आणि जी येतात ती कच्ची म्हणून पगार कमी राहतो. देशभरातल्या आयटीआयमध्ये निम्म्याच्या आसपास जागा रिकाम्या असतात. महाराष्ट्रातल्या सरकारी आयटीआयमध्ये फिटर आणि इलेक्ट्रिशियनला मात्र रांग लागते. दरम्यान डिप्लोमावाले आणि इंजिनीअरही ट्रेनी म्हणून लाइनवर येतात आणि आयटीआयच्या मुलाची जागा घेतात. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या देशात असे होऊ नये.

कोण शिकते

या भागावर संशोधन कमी आहे, म्हणून थोडक्यात. आयटीआयमध्ये बहुतेक मुले शेतकरी, मजूर, छोट्या दुकानदारांच्या घरांतली असतात, आणि बऱ्याच जणांना ती दुसरी किंवा तिसरी पसंती असते. हाताच्या कामाला जातीच्या उतरंडीत मिळालेले स्थान याला कारण आहे, असे एक मत; फॉस्टरच्या मार्गाने जाणारे म्हणतात, पगार वाढवा, मान आपोआप येईल. मुलींचे प्रमाण यंत्रकामाच्या ट्रेडमध्ये नगण्य आहे. उलट श्रीपेरंबदूर आणि होसूरच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत आणि पिंपरीला टाटा मोटर्सच्या महिलांच्या जुळवणी लाइनवर मुली मोठ्या संख्येने काम करतात. त्यांना नोकरी बहुधा बारावीवर मिळते आणि प्रशिक्षण कंपनीतच होते. आयटीआयचा दरवाजा टाळून कारखान्यात शिरण्याची ही वाट पुढे कुठे जाते, सेटर किंवा मेंटेनन्सच्या जागेपर्यंत पोचते का, हे अजून दिसायचे आहे.

काय सुटलेले नाही

शाळा की कारखाना हा वाद तत्त्वात मिटला आहे. दोन्ही हवेत असे सगळेच म्हणतात. खर्चाचा प्रश्न सुटलेला नाही. लेव्ही लावावी का, यावर उद्योग आणि अर्थशास्त्रज्ञ विभागलेले आहेत. कोट्याने संख्या वाढते, गुणवत्ता वाढते का, याचे उत्तर शिकाऊ पाच वर्षांनी कुठे आहे हे सलगपणे मोजल्याशिवाय मिळणार नाही, आणि तसे मोजण्याची सवय अजून लागलेली नाही. कंत्राटी पद्धत जशी आहे तशी ठेवून खोल कौशल्य तयार होईल का, हा प्रश्न कौशल्य खात्याच्या कक्षेत येत नाही आणि कामगार खाते तो प्रशिक्षणाचा प्रश्न मानत नाही. साठ हजार कोटींच्या योजनेतही मुख्य भर आयटीआयवर आहे, कारखान्याच्या दारापलीकडे काय घडते यावर फारसा नाही. माझा अंदाज असा, की तिचे यश-अपयश नव्या यंत्रांपेक्षा निदेशकांच्या नेमणुकांवर आणि शेवटच्या पगारपत्रकावर ठरेल.

तोवर, दहावीच्या निकालानंतर घरातले कोणी आयटीआयचा अर्ज भरणार असेल तर माहितीपुस्तिकेतल्या फोटोंवर जाऊ नका. संस्थेत जाऊन दोनच गोष्टी विचारा: या ट्रेडला कायम निदेशक आहे का, आणि दोन वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेली मुले आज कुठे, किती पगारावर आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता आले, तर प्रवेश घ्यायला हरकत नाही.